सूर वाकवायचा की सॉफ्टवेअर?

संगणकावर गाणी बांधणाऱ्या मुलांकडून एक तक्रार मी वारंवार ऐकतो : "सर, मींड जमत नाही." त्यावर जाणकारांचं उत्तर ठरलेलं असतं : सराव कर, जमेल. मला हे उत्तर मान्य नाही. तोच मुलगा गळ्यातून मींड घेतो तेव्हा ती सुरेल असते. अडतं ते पडद्यावर. मग दोष मुलाचा कसा?

आधी मिडी म्हणजे काय ते सांगतो. मिडीत आवाज नसतो, सूचना असतात : कोणती पट्टी दाबली, किती जोरात, केव्हा सोडली. १९८३ साली अमेरिकेतल्या एका प्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर केबलने जोडून दाखवले गेले आणि इलेक्ट्रॉनिक वाद्यांना एक सामाईक भाषा मिळाली. कामगिरी मोठीच. पण ही भाषा मुळात कीबोर्ड डोळ्यांसमोर ठेवून घडली. सॉफ्टवेअरमधला 'पियानो रोल' तेच सांगतो : डावीकडे उभा पियानो, समोर चौकटींची जाळी आणि प्रत्येक स्वर म्हणजे एक आडवी वीट.

दरबारीचा आंदोलित गंधार या विटेत कसा बसवायचा? त्यासाठी खालच्या वेगळ्या रकान्यात 'पिच बेंड'ची रेघ काढावी लागते. षड्जावरून शुद्ध गंधारापर्यंतची मींड म्हणजे चार अर्धस्वर, आणि बेंडची नेहमीची मर्यादा दोन. ती आधी वाढवा. शिवाय ही रेघ एका स्वराची नसते, सगळ्या चॅनेलची असते. त्याच चॅनेलवर षड्ज धरून ठेवला असेल तर तोही सोबत घसरतो. कित्येक ठिकाणी तर स्वर पुढे सरकवला की रेघ मागेच राहते. बीएडला आम्हाला शिकवलं होतं : ज्ञाताकडून अज्ञाताकडे जा. इथे सगळं उलटं आहे. मुलाला येतं ते पडद्यावर नाही, आणि पडद्यावर आहे ते त्याच्या गळ्यात नाही.

उर्दू वाचणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. नस्तालीक लिपीत अक्षर शेजाऱ्याप्रमाणे रूप बदलतं आणि शब्द तिरका उतरत येतो. टाइपरायटरला आणि छपाईच्या खिळ्यांना हे झेपेना, म्हणून उर्दूवाल्यांनाच सल्ला मिळाला : नस्तालीक सोडा, सरळ नस्ख घ्या. आपल्या लोकांनी तो मानला नाही. वर्तमानपत्रं कातिबांच्या हातानं लिहिली जात राहिली. मग मिर्झा अहमद जमील यांनी हजारो अक्षरजोड्या लिहून काढल्या, त्यातून नूरी नस्तालीक घडलं आणि १९८१ मध्ये लाहोरचा 'जंग' संगणकावर जुळवला गेला. लिपी वाकली नाही, यंत्र वाकलं. आपला स्वरही नस्तालीकसारखाच आहे. आधी काय आलं आणि पुढे काय येणार यावर त्याचं रूप ठरतं.

कुणी म्हणेल, हार्मोनियमवर तरी मींड कुठे निघते? ती आपण स्वीकारलीच ना? स्वीकारली, पण सहज नाही. १९४० पासून सुमारे तीन दशकं रेडिओवर तिला बंदी होती. आणि पेटी साथीला असते, मींड गळा घेतो. पियानो रोलमध्ये मात्र मूळ चालच विटांत चिणली जाते.

दुसरा आक्षेप : हे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे. मुळीच नाही. प्रत्येक स्वराला स्वतःचा बेंड देणारी एमपीई पद्धत २०१८ मध्ये मान्य झाली. २०२० मधल्या मिडी २.० मध्ये तर ही सोय मुळातच आहे. क्यूबेसने २०११ मध्येच स्वराच्या आत वळणं काढू दिली. एबलटन लाइव्हच्या २०२४ मधल्या बाराव्या आवृत्तीत बारा समान स्वरांपलीकडच्या स्वररचना निवडता येतात. म्हणजे जे हवं ते तुकड्यातुकड्यांनी तयार आहे. पण ते जोडउपाय म्हणून कोपऱ्यात, आणि पियानो मात्र गृहीत धरलेला.

माझं मागणं साधं आहे. स्वराचं वळण स्वराला चिकटलेलं असावं. स्वर हलला, लांबला की तेही हलावं, लांबावं. षड्ज कुठे ते गाणाऱ्यानं ठरवावं आणि पडद्यावर सा रे ग म दिसावं. दोन स्वरांमधली वाट एका ओढीत काढता यावी. या गोष्टी जोडउपाय म्हणून नकोत, सॉफ्टवेअर उघडताच समोर हव्यात.

नाही तर काय होईल ते दिसतंच आहे. मुलं अवघड जागा टाळतात, सोपी चाल बांधतात आणि हळूहळू कानालाही तीच खरी वाटू लागते. एलएमएमएस आणि आर्डर यांसारख्या सॉफ्टवेअरचा कोड सर्वांना खुला आहे. आपली मुलं संगणक अभियांत्रिकी शिकतात, गातातही. त्यांना सराव वाढवायला सांगण्याआधी हा कोड उघडायला सांगा.