आधी कारण शोधा, मग डबा फोडा



हॉस्टेलवर मेसच्या भाजीनंतर सर्वांत जास्त मतं कशावर ऐकायला मिळत असतील, तर ती खाजणाऱ्या कुत्र्यावर. कुत्रं मागच्या पायाने कान खाजवताना दिसायचा अवकाश, की सल्ले सुरू! कोणी म्हणतो कडुलिंबाच्या पाण्याने धू, कोणी म्हणतो खोबरेल चोळ. मेकॅनिकलवाले तर गाडीचं जळकं ऑइल फासायला सांगतात. (कृपया हे कोणी करू नका. ते ऑइल कुत्रं चाटतं, पोटात जातं आणि विषबाधा होते.) गेल्या काही वर्षांत या सल्ल्यांत एका नव्या सल्ल्याची भर पडली आहे : "अरे, त्याला फूड ॲलर्जी असेल. लिमिटेड इन्ग्रेडियंटचं वेट फूड आण." म्हणजे मोजक्या घटकांचं ओलं खाद्य, डब्यात किंवा पाऊचमध्ये मिळणारं. पुण्या-मुंबईत मिळणारी ही पाऊच आता कुरियरने कोरेगावातही घरपोच येतात.

सल्ला वाईट नाही, पण अर्धवट आहे. आणि अर्धवट सल्ल्याची किंमत पालकांचा खिसा मोजतो आणि शेवटी ते मुकं जनावर मोजतं.

आधी एक खुलासा. आवारातल्या भटक्या कुत्र्यांचा प्रश्न वेगळा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्था, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके अशा ठिकाणची भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. त्या वादात इथे शिरायचं नाही. हा लेख मालक असलेल्या कुत्र्या-मांजरांबद्दल आहे. स्टाफ क्वार्टर्समधली, शेजारच्या वस्तीवरची आणि तुमच्या-माझ्या घरची. त्यांच्या तोंडात मात्र आपण सगळेच काही ना काही घालत असतो, म्हणून विषय आपला.

खाज म्हणजे ॲलर्जीच का?

खाज हे लक्षण आहे, रोग नव्हे. पिसवा, गोचीड, खरजेचे किडे, बुरशी, कातडीतला जंतुसंसर्ग, धुळीची ॲलर्जी आणि मग अन्नाची ॲलर्जी, इतक्या गोष्टींनी खाज सुटते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार कोणत्याही कारणासाठी डॉक्टरकडे आणलेल्या कुत्र्यांपैकी अन्नाची ॲलर्जी निघते ती फक्त १ ते २ टक्क्यांत. मांजरांत तर १ टक्क्याहून कमी. नुसत्या खाजणाऱ्या कुत्र्यांचा विचार केला तर मात्र हे प्रमाण वेगवेगळ्या पाहण्यांत ९ ते ४० टक्के आढळलं. म्हणजे शंका घ्यायला जागा आहे, पण पहिलाच संशय अन्नावर घेण्याचं कारण नाही. पिसवा मारायच्या सोडून महागडी पाऊच मागवणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

अन्नाची ॲलर्जी ओळखण्याच्या काही खुणा आहेत. खाज ऋतूप्रमाणे कमी-जास्त न होता बारा महिने चालते. पंजे, कान, पोट आणि शेपटीखालचा भाग जास्त खाजतो. कान पुन्हा पुन्हा पिकतो. काहींना जोडीला पातळ शी किंवा उलटी होते. तरीही खुणांवरून निकाल लावता येत नाही. रक्ताच्या, लाळेच्या, केसांच्या तपासण्या विकल्या जातात, पण अन्नाच्या ॲलर्जीच्या निदानासाठी त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. खरी परीक्षा एकच, खाऊन बघण्याची.

आरोपी कोण?

२०१६ साली ॲलर्जी सिद्ध झालेल्या २९७ कुत्र्यांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या गेल्या. त्यात गोमांस ३४ टक्के, दुधाचे पदार्थ १७ टक्के, कोंबडी १५ टक्के आणि गहू १३ टक्के कुत्र्यांना बाधल्याचं दिसलं. मांजरांच्या ७८ नोंदींत गोमांस, मासे आणि कोंबडी पुढे होती. या नोंदी बहुतेक युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलियातल्या. आपल्याकडच्या कुत्र्याच्या ताटात गोमांस फारसं नसतं. पण उरलेली यादी नीट वाचा : दूध, कोंबडी, गहू. दूध-चपाती, ग्लुकोजची बिस्किटं आणि रविवारी चिकनच्या दुकानातून आणलेल्या माना-पाय. आपल्या भागातल्या कुत्र्याचा अख्खा मेनू यात आला की!

ॲलर्जी बहुतेक वेळा अशाच पदार्थातल्या प्रथिनाची होते, जो जनावर पूर्वीपासून खात आलं आहे. "इतकी वर्षं हेच खातोय, तेव्हा काही झालं नाही" हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही. आणि म्हणूनच 'मोजके घटक' या कल्पनेत अर्थ आहे. जनावराने पूर्वी कधी न खाल्लेलं एकच प्रथिन आणि एकच पिष्टमय पदार्थ द्यायचा, म्हणजे संशयित कमी होतात.

डब्यावरची पाटी

आता बाजाराकडे वळू. 'लिमिटेड इन्ग्रेडियंट' या शब्दांत नक्की किती घटक बसतात, याची कायद्याने ठरवलेली व्याख्या नाही. अमेरिकेतल्या पशुखाद्याच्या लेबलांचे नियम मात्र उद्बोधक आहेत. तिथे डब्यावर 'विथ लँब' लिहायला मेंढीचं मांस फक्त ३ टक्के असलं तरी पुरतं. 'लँब डिनर' म्हणायला २५ टक्के लागतं. 'फ्लेवर' लिहिलं असेल तर नुसती चव लागली तरी झालं. उरलेला ऐवज काय? बऱ्याचदा तीच कोंबडी! म्हणून पुढचं मोठं नाव वाचू नका, डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचा. 'मीट अँड ॲनिमल डेरिव्हेटिव्हज', 'पोल्ट्री बाय-प्रॉडक्ट', 'व्हेजिटेबल प्रोटीन' असे मोघम शब्द दिसले तर तो डबा ॲलर्जीच्या परीक्षेसाठी बाद. कोणता प्राणी, कोणती वनस्पती हेच कळत नसेल तर मोजके घटक कसले? नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!

यादी स्वच्छ असली तरी काम संपत नाही. २०११ साली अमेरिकेत दुकानात मिळणारी हरणाच्या मांसाची चार कोरडी खाद्यं तपासली. तिघांत यादीत नसलेलं सोयाबीन सापडलं आणि एकात गोमांसाचा अंश निघाला. २०१३ साली इटलीत अशाच १२ खाद्यांची सूक्ष्मदर्शकाखाली आणि डीएनएने तपासणी झाली, तेव्हा १० मध्ये यादीबाहेरच्या प्राण्यांचे अंश मिळाले. एकाच मशीनवर सकाळी कोंबडी आणि दुपारी मेंढी चालली की असं होणारच. यात कोणाचा कट असण्याची गरज नाही. प्रॉडक्शन लाइनवर इंडस्ट्रियल व्हिजिटला गेलेल्या कोणालाही हे पटेल. पण ॲलर्जी असलेल्या जनावराला तेवढा अंशही बाधू शकतो. निदानासाठी म्हणूनच डॉक्टर बहुधा 'हायड्रोलाइज्ड' खाद्य सुचवतात. त्यात प्रथिनाचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराची संरक्षणव्यवस्था त्यांना सहसा ओळखत नाही.

ओल्या खाद्याचं गणित

वेट फूडचे फायदे आहेतच. त्यात पाणी ७५ ते ८० टक्के असतं, त्यामुळे कमी पाणी पिणाऱ्या मांजरांना ते विशेष चांगलं. वास छान, म्हणून आजारी जनावरही खातं. पण तुलना करताना पाणी वजा करायला विसरू नका. पाऊचवर प्रोटीन ९ टक्के आणि कोरड्या पिशवीवर २४ टक्के पाहून पाऊच फसवं वाटतं. प्रत्यक्षात पाऊचमध्ये पाणी ७८ टक्के असेल तर कोरडा ऐवज २२ टक्के, आणि ९ भागिले २२ म्हणजे जवळजवळ ४१ टक्के. कोरड्या पिशवीत पाणी १० टक्के धरलं तर २४ भागिले ९० म्हणजे सुमारे २७ टक्के. पाऊच सरस ठरलं!

आता खर्च. २० किलोच्या कुत्र्याला दिवसाला अंदाजे १००० किलोकॅलरी लागतात. ८० ग्रॅमच्या एका पाऊचमध्ये ७० किलोकॅलरी धरल्या तर दिवसाला १४ पाऊच. परीक्षा किमान ८ आठवड्यांची, म्हणजे ५६ दिवस. एकूण ७८४ पाऊच! किंमत दुकानात विचारा आणि गुणाकार स्वतः करा. ४ किलोच्या मांजराला मात्र दिवसाला तीनेक पाऊच पुरतात. म्हणून माझं स्पष्ट मत : मोजक्या घटकांचं ओलं खाद्य मांजरासाठी आणि छोट्या कुत्र्यासाठी घ्यावं. मोठ्या कुत्र्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने कोरडं हायड्रोलाइज्ड खाद्य किंवा घरी शिजवलेलं अन्न हाच आपल्यासारख्यांना परवडणारा मार्ग आहे.

घरी शिजवायचं तर पूर्वी न दिलेलं एक मांस आणि एक पिष्टमय पदार्थ, उदाहरणार्थ मटण आणि बटाटा. कांदा-लसूण अजिबात नको, ते कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. मसाला, तेलाची फोडणीही नको. आपल्या तालुक्याचा वाघ्या घेवडा भौगोलिक मानांकन मिळवलेला, आपल्या अभिमानाचा. पण त्याचा कुत्र्यावर प्रयोग करायचा मोह आवरा. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या घेवड्यातलं लेक्टिन विषारी असतं, आणि नुसत्या कडधान्यावर कुत्रं ठेवणं बरं नाही. मटार-मसूर भरपूर असलेल्या 'ग्रेन-फ्री' खाद्यांचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी काही संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली जाहीर केली होती. ठाम निष्कर्ष निघाला नाही, पण 'धान्य नाही म्हणजे चांगलंच' हा समज सोडायला तेवढं पुरे. घरच्या अशा साध्या जेवणावर मोठं कुत्रं दोन महिने काढू शकतं. कायमसाठी मात्र कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांची जोड हवी. पिल्लांवर आणि मांजरांवर हा प्रयोग डॉक्टरांशिवाय करू नये. मांजराला टॉरिन हे द्रव्य खाण्यातूनच मिळावं लागतं, ते कमी पडलं की हृदय निकामी होतं, हे १९८७ मध्येच सिद्ध झालं आहे. शिवाय मांजर नवं खाद्य नाकारून दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर त्याचं यकृत बिघडू शकतं. "भूक लागली की खाईल" हा न्याय तिथे चालत नाही.

आठ आठवड्यांचं सबमिशन

आपण इंजिनिअरिंगवाले. ब्रेडबोर्डवर सर्किट चालत नसेल तर सगळ्या वायरी एकदम उपटून नव्या लावत नाही, एकेक तपासतो. इथेही तेच. आठ आठवडे ठरलेलं खाद्य आणि पाणी, बाकी काही नाही. ॲलर्जी असलेल्या कुत्र्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त पाच आठवड्यांत आणि ९० टक्क्यांहून जास्त आठ आठवड्यांत सुधारतात. त्यामुळे पंधरा दिवसांत "फरक नाही" म्हणून सोडून देणं चूक.

खाज थांबली की बहुतेक जण तिथेच थांबतात. पण खरी व्हायवा पुढे आहे. जुनं खाद्य पुन्हा सुरू करायचं आणि दोन आठवड्यांपर्यंत बघायचं. खाज परतली तर ॲलर्जी सिद्ध. नाही परतली तर कारण दुसरंच होतं, आणि ते महागडं खाद्य जन्मभर घालायची गरजच नव्हती. खाज परतल्यावर मात्र एकेक पदार्थ वेगळा देऊन नेमका आरोपी शोधायचा. तो दूध निघाला तर दूध बंद करा, बाकी सगळं चालू! हजारो रुपये वाचवणारी ही पायरी आहे आणि नेमकी हीच गाळली जाते.

हा सगळा प्रयोग कोण मोडतं माहीत आहे? आपण! क्वार्टर्समधल्या सरांनी सहा आठवडे कुत्र्याला सांभाळावं आणि साताऱ्याहून आलेल्या कोणीतरी प्रेमाने त्याला अर्धा कंदी पेढा भरवावा. पेढा म्हणजे दूध, प्रयोग पुन्हा पहिल्यापासून. मेसमागचं खरकटं, चहाबरोबरचं बिस्किट, एवढंच काय, गोचीड मारण्याची चवदार चघळायची गोळीसुद्धा हिशेबात धरावी लागते. म्हणून एक साधी सूचना : असा प्रयोग चालू असलेल्या कुत्र्याच्या गळ्यात 'खायला घालू नका' अशी चिठ्ठी बांधा आणि हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर कळवा. आपणही ती पाळू या.

कोणी म्हणेल, "माणसांना दोन वेळचं मिळत नाही आणि तुम्ही कुत्र्याच्या ॲलर्जीचं काय घेऊन बसलात?" प्रश्न रास्त आहे. पण मी खर्च वाढवायला सांगत नाही, वायफळ खर्च टाळायला सांगतो आहे. आणि उपाय न केल्याचा शेवट आपल्याकडे ठरलेला असतो. अंगावरचे केस गेलेलं, कान पिकलेलं कुत्रं 'खरजुलं' ठरतं, मुलांना लागण होईल म्हणून एके रात्री पोत्यात घालून दूरच्या नाक्यावर सोडलं जातं. अन्नाची ॲलर्जी कोणालाही लागत नाही. नुसतं दूध किंवा कोंबडी बंद करून बरं होणारं जनावर केवळ अज्ञानापायी बेघर व्हावं, ही गोष्ट शिकलेल्या माणसांना शोभणारी नाही.

सातारा जिल्ह्यातच, शिरवळला, क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तालुक्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. ते फक्त गाई-म्हशींसाठी असतात हा गैरसमज सोडा आणि कुत्र्याला आधी तिथे न्या. पिसवा, खरूज, संसर्ग यांचा निकाल लागू द्या. त्यानंतरही खाज उरली, तर मग वही काढा, तारीख टाका आणि आठ आठवडे मोजायला लागा. डबा त्यानंतर फोडा, आणि फोडण्याआधी उलटा करून वाचा!