चार सेलांचा डबा
हातात धरून खेळायच्या यंत्रांत माझं मत आजही निन्टेन्डोच्या गेम बॉयलाच. १९८९ साली तो आला तेव्हा पडदा हिरवट, छटा अवघ्या चार, मागून उजेड नाही. दिव्याखाली बसून कडेची बारीक चकती फिरवत ठोकळे दिसेपर्यंत कॉन्ट्रास्ट जुळवायचा. पुढच्याच वर्षी सेगाचा गेम गिअर रंगीत, उजळ पडदा मिरवत उतरला. दिसायला झकास, पण सहा पेन्सिल सेल तीन ते पाच तासांत फस्त! गेम बॉय चार सेलांवर दहा तासांहून जास्त सहज चाले. ही कंजुषी नव्हे. जुनं, स्वस्त, पारखलेलं तंत्र घ्यायचं आणि डोकं खेळात लावायचं, हा गेम बॉय घडवणाऱ्या गुनपेई योकोई यांचा हट्टच होता. त्यात टेट्रिस मिळाल्यावर रंग हवेत कोणाला? (आपल्याकडची ब्रिक गेमची यंत्रं त्याचीच गरीब भावंडं, ‘९९९९ इन १’ ही शुद्ध थाप, खेळ मोजकेच, फक्त वेग बदललेला.) आजची स्टीम डेक देखणी आहे, मान्य, पण भारी गेम लावला की दोनेक तासांत चार्जर शोधायला लावते. कोकणच्या एसटीत मी जुना डबाच घेतो, तोही खिडकी धरून. त्या पडद्यावर ऊन पडेल तितकं बरं.