साक्षीदार किती आणि कोण?

आपल्या गावाच्या इतिहासाची टिपणे काढीत बसलेल्या एका वाचकांनी गेल्या आठवड्यात पत्र लिहून मला कोंडीत पकडले आहे. गावच्या पाटीलकीची सनद अमुक वर्षी मिळाली असे पाच पुस्तके एकमुखाने सांगत असताना आपण ते संशयास्पद का ठरविता, असा त्यांचा रोकडा सवाल आहे.

पाच मुखे एकच गोष्ट बोलू लागली म्हणजे तिचे वजन पाचपट होते, हा समज फार जुना आहे. शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचेच पाहा. महाराज शके १५४९ च्या वैशाखात जन्मले असे उत्तरकालीन बखरींत येत असे, १८२६ साली ग्रँट डफनेही इसवी सन १६२७ हेच वर्ष छापले, आणि पुढे ते सर्वत्र रूढ झाले. पण ह्या मांदियाळीतील मल्हार रामराव चिटणिसांची बखर महाराजांच्या निधनानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी लिहिली गेली, हे ध्यानात कोणी घ्यावयाचे? मग १९१६ साली, भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरातून मिळालेली शकावली लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केली, आणि तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी निराळीच नोंद निघाली.

एका चोपडीने एवढे बखरकार खोटे पाडावे काय, असे तेव्हाही पुष्कळांना वाटले असेल, आणि ते वाटणे अगदीच गैर नव्हे. परंतु शकावलीचा कर्ता कोणाची स्तुती करावयास बसलेला नाही. तो रुक्षपणे, घटी-पळांसह, तिथी टिपतो आणि पुढे जातो. तिथी आणि वार गणिताने पडताळता येतात, आणि येथे ते जुळतात. पुढे तंजावरास सापडलेले, नेवासेकर परमानंदाचे ‘शिवभारत’ सदाशिव महादेव दिवेकरांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केले. तेही शके १५५१ चीच ग्वाही देते, आणि जोधपूरच्या एका जन्मपत्रिकासंग्रहातील कुंडलीही तेच सांगते. मावळातील देशमुख, महाराजांचा संस्कृत कवी आणि राजपुतान्यातील ज्योतिषी ह्यांनी एकमेकांची पाने पाहून नक्कल केली असेल, असे मानणे कठीण आहे. आज १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख राज्य शासनाने मान्य केलेली आहे ती ह्याच आधारांवर.

आता परमानंद महाराजांना विष्णूचा अवतार म्हणतो. म्हणून त्याचे सारेच टाकावे काय? मुळीच नाही. जन्मतिथी बदलून त्याला काही लाभ नव्हता, अवतार म्हणण्यात मात्र होता. ग्रंथाला सरसकट खरा किंवा खोटा असा शिक्का मारणे हा आळशी मनुष्याचा न्याय होय. परीक्षा एकेका विधानाची घ्यावी लागते.

समकालीन कागदापुढेही लगेच मान तुकवू नये. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि वतनदारांच्या सनदा तपासल्या जाऊ लागल्या, तेव्हा दाखल झालेला कागद पेशवे दफ्तरातील नोंदींशी ताडून पाहण्याची वेळ आली. कारण उघड आहे: सनदेवर जमीन अवलंबून असते, आणि जेथे जमीन, तेथे बनावट शिक्का. (खोटा कागद बहुधा खऱ्यापेक्षा नेटका असतो, हा माझा आपला तर्क.)

आता आपल्या पाच पुस्तकांविषयी. चौघांची वाक्यरचना, एक अशुद्ध ग्रामनामसुद्धा, पाचव्याशी तंतोतंत जुळते. म्हणजे चौघांनी पाचव्याची नक्कल केली आहे. तो पाचवा ग्रंथकार सनदेचे वर्ष सांगतो, पण ती कोणाच्या घरी पाहिली, अस्सल की नक्कल, शिक्का कोणाचा, ह्याविषयी अक्षर काढीत नाही. तेव्हा माझ्या हिशेबी आपल्यापाशी एकच साक्षीदार आहे, आणि त्यानेही सनद डोळ्यांनी पाहिल्याचे कोठे म्हटलेले नाही. पुण्यास पेशवे दफ्तरात आपल्या गावच्या कागदांचा रुमाल निघतो काय, एवढे तूर्त पाहावे.

— दफ्तरदार