सत्कार टॉपरचा, बाकीच्यांचं काय?

दहावी-बारावीचे निकाल लागले की मुंबईच्या मुस्लिम मोहल्ल्यांमध्ये सत्कारांचा हंगाम सुरू होतो. हॉल भाड्याने घेतला जातो, बॅनर लागतं, नव्वद टक्क्यांच्या वरच्या मुलामुलींना शाल आणि ट्रॉफी मिळते. नीट, जेईई, यूपीएससी हे शब्द प्रत्येक भाषणात येतात. यात वाईट काही नाही. मेहनत केलेल्या मुलीच्या पाठीवर थाप पडलीच पाहिजे. पण त्याच गल्लीत बावन्न टक्के मिळवून पास झालेला मुलगा असतो, गणितात अडकलेली मुलगी असते. त्यांना त्या हॉलमध्ये कुणी बोलावत नाही. आणि डोकी मोजायची म्हटली तर समाज म्हणजे बहुतांशी तेच आहेत.

म्हणून सरळ सांगतो. आपल्या बहुसंख्य मुलांचं भवितव्य आयआयटीच्या दारात ठरत नाही. ते आयटीआयच्या कार्यशाळेत, तंत्रनिकेतनात, रात्रशाळेत आणि मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रात ठरतं. शाळा आणि रोजगार यांच्या मधली ही पायरी शासनाने मोडकळीला येऊ दिली, आणि आपल्या पुढाऱ्यांनी तिची लाज बाळगली. जाब दोघांनाही विचारायला हवा.

सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला. त्यातल्या दोन गोष्टी आपल्या व्यासपीठांवर नेहमी ऐकू येतात. एक, शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी मुलं जेमतेम चार टक्के आहेत, म्हणजे मागासलेपणाचं खापर मदरशांवर फोडणं खोटं आहे. दुसरी, देशातल्या नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या २५ विद्यार्थ्यांमागे एक मुस्लिम आहे. पण तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही. आयटीआयच्या प्रवेशाची अट आठवी पासपर्यंत खाली आणा, मदरशात शिकलेल्यांनाही तिथे येऊ द्या, अभ्यासक्रमांचा आवाका वाढवा, अशी शिफारस याच समितीने केली होती. एक पिढी उलटत आली. आज काही मोजके ट्रेड आठवीनंतर मिळतात, पण मागणी असलेल्या बहुतेक ट्रेडना दहावी लागतेच. या शिफारशीचं पुढे काय झालं, असा प्रश्न आपल्या किती सभांमध्ये विचारला गेला?

केंद्र सरकारचंच उच्च शिक्षण सर्वेक्षण सांगतं की २०१९-२० मध्ये देशभरात सुमारे २१ लाख मुस्लिम विद्यार्थी उच्च शिक्षणात होते. २०२०-२१ मध्ये ही संख्या १९ लाख २१ हजारांवर आली. देशाच्या लोकसंख्येत आपण १४.२ टक्के, आणि महाविद्यालयांत ४.६ टक्के. कोविडच्या त्या वर्षात दलित, आदिवासी, ओबीसी विद्यार्थ्यांची संख्या वाढली, आपली घटली. घरातली कमाई बंद झाली की मुलगा गॅरेजला, दुकानाला, डिलिव्हरीला लागतो. एकदा लागला की तो परत वर्गात येऊ शकेल असं दार शहरात शिल्लक आहे का, हा खरा प्रश्न आहे.

ते दार म्हणजेच ही मधली पायरी. तिची रचना आपल्यातल्या अनेकांना माहीतच नसते, म्हणून इथे मांडतो. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड केला की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. पदविका झाली की इंजिनिअरिंगच्या पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे दहावीला बावन्न टक्के पडलेला मुलगाही या वाटेने इंजिनिअर होऊ शकतो. उशिरा होईल, पण होईल. आणि वाटेत कुठेही थांबावं लागलं तरी हातात कमाईचं साधन असेल. आर्ट्स किंवा कॉमर्सला नाव घालून दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडलेल्या मुलाच्या हातात काय असतं?

आता शहराचा नकाशा बघा. माझगाव डॉक हा जहाजबांधणीचा सरकारी कारखाना डोंगरी, नागपाडा, भायखळ्याच्या अगदी शेजारी आहे. तिथे अ‍ॅप्रेंटिस घेतले जातात, आठवी पास, दहावी पास आणि आयटीआय पास अशा तिन्ही गटांतून. मध्य रेल्वेचे परळ आणि माटुंग्याचे कारखाने, पश्चिम रेल्वेचा लोअर परळचा कारखाना याच शहरात आहेत. रेल्वेच्या अ‍ॅप्रेंटिससाठी लेखी परीक्षा नसते. दहावीचे आणि आयटीआयचे गुण धरून यादी लागते. प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन मिळतं, आणि ते पूर्ण करणाऱ्यांसाठी रेल्वेच्या लेव्हल-१ भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. आपल्या मोहल्ल्यातल्या किती घरांत ही जाहिरात पोहोचते? मशिदीच्या फलकावर चंद्रदर्शनाची वेळ लागते, चंद्याचा हिशेब लागतो. अर्जाची शेवटची तारीख का लागत नाही?

यावर मोहल्ल्यातलं ठरलेलं उत्तर असतं, "हुनर है ना हाथ में, कागज का क्या करना?" कुर्ल्याचं गॅरेज, मदनपुऱ्याचं चामड्याच्या बॅगांचं काम, गोवंडीची जरी, भिवंडीचा यंत्रमाग ही सगळी आपली खरी विद्यापीठं होती, हे मान्य. उस्तादाच्या हाताखाली पाच वर्षं घासलेल्या मुलाला इंजिनचा आवाज ऐकून बिघाड कळतो, हेही मान्य. पण १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ च्याच नव्या गाड्या विकल्या जातात. त्यांच्यात सेन्सर आहेत, कॉम्प्युटर आहे. बिघाड कानाने नाही, स्कॅनर लावून सापडतो. त्यात आता विजेवरच्या गाड्या आल्या. उस्तादाला जे कुणी शिकवलंच नाही ते तो शागिर्दाला कुठून शिकवणार? शिवाय परवान्याशिवाय वीजजोडणीच्या कामावर स्वतःची सही करता येत नाही, सरकारी कंत्राट भरता येत नाही, कंपनीत हेल्परच्या वर जाता येत नाही. काम आपला मुलगा करतो आणि सही दुसरा करतो. मजुरी आपली, नफा त्याचा. हुनर विरुद्ध कागद असं भांडण लावणारे लोक प्रत्यक्षात आपल्या मुलांना आयुष्यभर हेल्पर ठेवत आहेत.

दुसरं उत्तर जास्त कडवट असतं. "आपल्याला नोकरी देणार कोण?" भेदभाव आहे. नाव ऐकून घर नाकारणारं शहर नाव वाचून अर्जही बाजूला टाकतं. पण म्हणूनच ही वाट महत्त्वाची आहे. जिथे यादी गुणांवर लागते तिथे नावाला भिडणं सर्वांत कमी. आणि परवाना हातात असलेला वायरमन कुणाच्या मुलाखतीवर अवलंबून राहत नाही.

आता शासनाकडे वळू. पहिला दोष वेळेचा. ज्याला दिवसा कमवावं लागतं त्याच्यासाठी बहुतेक आयटीआय आणि तंत्रनिकेतनं बंदच आहेत, कारण ती दिवसा चालतात. या राज्याला हे नवीन नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलं तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. गिरणगावातल्या किती कामगारांच्या मुलांनी रात्रशाळेत मॅट्रिक केली! शिकणाऱ्याच्या पोटाची वेळ बघून शाळेची वेळ ठरवायची, ही या मातीतली रीत. ती आपणच मोडली. २०१७ मध्ये एका शासन निर्णयाने रात्रशाळांतल्या दुबार नोकरीच्या शिक्षकांना घरी पाठवलं. पूर्णवेळ शिक्षक देण्याची भाषा होती, पण मधल्या काळात वर्ग ओस पडले त्याची भरपाई कुणी केली नाही.

दुसरा दोष शिक्षकांचा. आयटीआयमध्ये नियमित निदेशकांच्या जागा रिकाम्या ठेवायच्या आणि तासिका तत्त्वावर माणसं आणायची, हा कायमचा शिरस्ता झाला आहे. ज्याला स्वतःच्या पुढच्या महिन्याच्या पगाराची खात्री नाही तो मुलाला वेल्डिंग काय मन लावून शिकवणार? तिसरा दोष दिखाव्याचा. २०१५ मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली आणि काही आठवड्यांच्या कोर्सची लाट उठली. टी-शर्ट मिळाला, फोटो निघाला, प्रमाणपत्र मिळालं. पण त्या प्रमाणपत्रावर डिप्लोमाला प्रवेश मिळत नाही. दोन वर्षांचा ट्रेड ही पायरी आहे. काही आठवड्यांचा कोर्स ही पायरीच्या चित्रासमोर काढलेली सेल्फी आहे.

शासनाला बोल लावणं सोपं, म्हणून आता घरच्या गोष्टीकडे. अंजुमन-ए-इस्लामची स्थापना १८७४ ची, बद्रुद्दीन तैयबजींसारखी माणसं तिच्या मुळाशी होती. १९३६ मध्ये भायखळ्यात साबू सिद्दीक यांच्या नावाने तंत्रशिक्षणाची संस्था उभी राहिली. म्हणजे नव्वदेक वर्षांपूर्वी आपल्या धनिकांना कळत होतं की समाजाला कारागिराचा तंत्रज्ञ करणारी जागा हवी आहे. आज आपल्या ट्रस्टींची चढाओढ कशासाठी चालते? फार्मसी, मॅनेजमेंट, लॉ. जिथे फी मोठी आणि इमारतीवरचं नावही मोठं. रमजानमध्ये जकातीचा पैसा रेशन किटमध्ये जातो, आणि ते गरजेचंही आहे. पण दहा मुलांचं दोन वर्षांचं हत्यारांचं, बसपासचं आणि घरखर्चाचं ओझं उचलणारी योजना मोहल्ल्यागणिक का नसावी? घेणाऱ्याला पुढच्या वर्षी देणारा करणं यापेक्षा जकातीचा चांगला उपयोग कोणता?

मुलींच्या बाबतीत तर दोन्ही बाजूंनी कोंडी आहे. २०२४ मध्ये चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब आणि टोपीवर बंदी घातली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला अंशतः स्थगिती दिली, पण तोवर मुलींना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. एकीकडे कॉलेज म्हणतं, कपडे बदलून ये. दुसरीकडे घर म्हणतं, जाऊच नको. दोघेही तिला विचारत नाहीत. आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. आपल्या घरांत मात्र मुलीसाठी आयटीआय म्हणजे शिवणकाम आणि ब्युटी पार्लर, एवढीच कल्पना. इलेक्ट्रॉनिक्स, ड्राफ्ट्समन, संगणक चालक हे ट्रेड तिने का करू नयेत?

पैशाचं कारण सांगाल तर हे वाचा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, ज्या कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपेक्षा जास्त नाही अशा ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी गटातल्या, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे. बागवान, मोमीन, अत्तार, पिंजारी अशा आपल्या अनेक बिरादऱ्या ओबीसीत येतात. जे येत नाहीत त्यांना निकषांत बसल्यास ईडब्ल्यूएसचा दाखला मिळू शकतो. २०१४ चं पाच टक्के मुस्लिम आरक्षण अध्यादेशासोबत संपलं, उच्च न्यायालयाने शिक्षणातल्या भागाला हरकत घेतली नव्हती तरी. ती लढाई चालू राहिलीच पाहिजे. पण जो हक्क आज कागदावर आहे तो दाखला न काढल्यामुळे सोडून देणं, हे कुठलं राजकारण?

मागण्या मोजक्या ठेवूया. मुस्लिम वस्त्यांजवळच्या प्रत्येक सरकारी आयटीआयमध्ये संध्याकाळची तुकडी. निदेशकांची नियमित भरती. उस्तादाकडे काम शिकलेल्या मुलाची परीक्षा घेऊन त्याला मान्य प्रमाणपत्र, म्हणजे पाच वर्षांचा अनुभव शून्य धरला जाणार नाही. उर्दू माध्यमातून आलेल्यांसाठी पहिले तीन महिने मराठी आणि इंग्रजी तांत्रिक शब्दांचा वर्ग. कारण पालिकेच्या उर्दू शाळेतून आलेला मुलगा कार्यशाळेत अडखळतो तो हाताने नाही, पाटीवरच्या भाषेने.

हा शेवटचा मुद्दा खास तुमच्यासाठी, मराठी लिहिता-बोलता येणाऱ्या तरुणांसाठी. शासन निर्णय मराठीत निघतात, अर्ज मराठीत असतात, तहसील कचेरीतला कारकून मराठीत बोलतो. ही भाषा तुमच्याकडे आहे. तुमच्या गल्लीतल्या दहावी झालेल्या पाच मुलांची यादी करा, त्यांचे दाखले काढायला सोबत जा, आयटीआयचा ऑनलाइन अर्ज भरून द्या, पसंतीक्रम नीट लावून द्या. आणि पुढच्या सत्कार समारंभाच्या आयोजकांना आत्ताच सांगून ठेवा, की नव्वद टक्केवालीच्या शेजारची खुर्ची बावन्न टक्केवाल्यासाठी हवी. त्याच्या हातात ट्रॉफी नको. प्रवेशाची पावती द्या.