भोंग्यातला आवाज आणि कानातला आवाज



मागील महिन्यात लातूरहून एका वाचकाचे पत्र आले. पत्र लिहिणारा तरुण पुण्याला कारखान्यात कामाला आहे, वडील लातूरलाच असतात. वडिलांनी चाळीस वर्षे गायन पार्टीत ढोलकी वाजविली. मुलाने बोनसचे पैसे साठवून वडिलांसाठी चांगल्यातला चांगला हेडफोन आणि त्याला लागणारे ॲम्प्लीफायर घ्यायचे ठरविले. दुकानात गेला तर तेथील माणसाने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले आणि विचारले, "काय ऐकणार यावर?" मुलगा म्हणाला, "भीमगीते." दुकानदार हसला आणि म्हणाला, "त्याला कशाला एवढं महागाचं? डीजेचा डबा घेऊन जा ना." मुलाने सामान दुसरीकडून घेतले, पण पत्राच्या शेवटी आम्हास विचारले की, आपली गाणी चांगल्या यंत्रावर ऐकण्याच्या लायकीची नाहीत काय?

हा प्रश्न आमच्या जिव्हारी लागला. घरी बसून याचे उत्तर लिहिणे बरोबर वाटले नाही. आम्ही नांदेडहून एस.टी. धरली. सोबत आमचे मामा होते. मामांनी हयात गिरणीत मागावर काढली आणि वामनदादांच्या गाण्यांचे त्यांना भारी वेड.

वाचकहो, आपली गाणी आपल्यापर्यंत कशी आली हे आधी पाहिले पाहिजे. भीमराव कर्डकांच्या काळात जलसा उघड्या गळ्याने होत असे. नंतर भोंगा आला. चौदा एप्रिलला झाडाला बांधलेला भोंगा ज्याने ऐकला नाही असा आपल्यात कोणी नसेल. भोंग्याचे काम म्हणजे आवाज लांब फेकणे. त्यासाठी तो मधले स्वर तेवढे जोरात फेकतो, खालचे भारी स्वर त्याला पेलत नाहीत. म्हणून गायकाचा शब्द शेजारच्या गावापर्यंत जातो, पण ढोलकीच्या डाव्या तोंडाचा घुमारा झाडाखालीच राहतो. नंतर कॅसेट आली. फिलिप्स कंपनीने ती १९६३ साली काढली, आपल्या वस्त्यांत ती रुळली साधारण ऐंशीच्या दशकात. दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटी विकत मिळू लागल्या. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज घरोघर गेला तो कॅसेटमुळे. पण किती जणांनी मूळ कॅसेट विकत घेतली? एकाने घ्यायची, दहा जणांनी टेपवर टेप लावून उतरवून घ्यायची. पैसा नव्हता, त्यात लाज वाटण्याचे कारण नाही. मात्र प्रत्येक नकलेत खरखर वाढते आणि बारीक स्वर मरतात. म्हणजे आपण आपलीच गाणी जन्मभर तिसऱ्या-चौथ्या नकलेतून, हातभर स्पीकरवर ऐकली. दुकानदाराने ऐकली असतील तर तीही तशीच. तो हसला त्या नकलेला.

आता यंत्राविषयी. मुलाने घेतलेला हेडफोन सेन्हायझर या जर्मन कंपनीचा एचडी ६००. १९९७ पासूनचे हे मॉडेल, जाणकार मंडळी आजही त्याचे नाव घेतात. याचे मोठेपण म्हणजे तो आवाजाला मेकअप करीत नाही. ठोका मुद्दाम फुगवीत नाही, माणसाचा गळा जसा आहे तसा ठेवतो. गादी, वायर, वरचा पट्टा वेगळा मिळतो, त्यामुळे वीस वर्षे वापरता येतो. कष्टकरी माणसाने महागाची वस्तू घेताना ही गोष्ट आधी विचारावी असे आमचे मत आहे.

त्याला ॲम्प्लीफायर का लागते? लातूरकरांना हे पाण्यावरून लगेच कळेल. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले ते शहर हे. नळाला दाब नसेल तर पाणी वरच्या मजल्यावर चढत नाही, मोटार लावावी लागते. हेडफोनच्या तारेचा अडथळा ओहममध्ये मोजतात. साधा हेडफोन ३२ ओहमच्या आसपास असतो, त्याला मोबाईलचा दाब पुरतो. एचडी ६०० हा ३०० ओहमचा आहे. मोबाईलवर तो वाजतो, पण मेल्यासारखा. मध्ये लहानसे ॲम्प्लीफायर लावले की ठोका ठोक्यासारखा बसतो. दोन्ही मिळून ४२ हजार लागले, पावती आम्ही पाहिली.

याच्या वर किती जाता येते म्हणाल तर मर्यादा नाही. याच कंपनीने १९९१ साली ऑर्फियस नावाचा संच काढला, जगात सुमारे तीनशेच. २०१५ मध्ये त्याचा नवा अवतार आला, संगमरवरी ॲम्प्लीफायर, आत आठ काचेच्या नळ्या, किंमत सुमारे ५० हजार युरो. तेव्हाच्या भावाने पस्तीस लाखांच्या आसपास! तेवढ्यात आमच्याकडे दुमजली विहार उभे राहील. असो.

ढोलकीवाल्या दादांच्या घरी आम्ही पोचलो तर चेहरे पडलेले. दादा म्हणाले, "पोराचे पैसे पाण्यात गेले. घुमल्यावाणी वाजतंय." ऐकले तर खरेच आवाज गोधडीखालून आल्यासारखा. पण दोष हेडफोनचा नव्हता. दादांकडे पार्टीच्या स्वतःच्या अठरा कॅसेटी आहेत. गावोगावच्या कार्यक्रमांत समोर टेप ठेवून भरलेल्या. त्या ज्या जुन्या टेपवर वाजवून मोबाईलमध्ये उतरविल्या होत्या, त्याच्या हेडवर मळाचा थर होता आणि आतील रबरी पट्टा चिकट झालेला. गल्लीतल्या रेडिओ मेकॅनिकला बोलावले. त्याने हेड स्पिरिटने पुसले, पट्टा बदलला, मग हेडशेजारचा बारीक स्क्रू पेचकसाने हळूहळू फिरवू लागला. हे हेड केसभर जरी तिरके असले तरी वरचे स्वर आधी मरतात. फिरवता फिरवता एके ठिकाणी एकदम पडदा सरकल्यासारखे झाले आणि टाळ्या ऐकू आल्या. मेकॅनिकने घेतले साडेतीनशे रुपये. ४२ हजारांचे काम त्या साडेतीनशेवाचून अडले होते.

म्हणून आमचे सांगणे असे की, ज्यांच्या घरी जुन्या कॅसेटी आहेत त्यांनी पहिला रुपया हेडफोनवर घालू नये, कॅसेटी उतरविण्यावर घालावा. कंपनीच्या कॅसेटीतली गाणी कोठे तरी मिळतील. तुमच्या वस्तीतल्या पार्टीचा आवाज जगात तुमच्याच पेटीत आहे. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघेही २००४ साली गेले, त्यांचे पुष्कळ ध्वनिमुद्रण आहे. पण नामांतराच्या लढ्यात नांदेड-परभणीच्या खेड्यांत रात्र रात्र गाणाऱ्यांचे काय? उतरविताना कॅसेटच्या माथ्यावरची प्लॅस्टिकची दोन टिकल्या आधी मोडाव्यात, म्हणजे तिच्यावर चुकून दुसरे काही भरले जात नाही. आमची स्वतःची एक कॅसेट अशीच गेली. १४ जानेवारी १९९४, विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लाभले त्या रात्री आमच्या वस्तीत जो कार्यक्रम झाला त्याची ती होती. एका दुकानात पेनड्राइव्हवर घेण्यासाठी दिली, परत आली ती अर्धी कोरी. टिकल्या मोडल्या नव्हत्या, चूक आमचीही. तेव्हापासून आम्ही कॅसेट हातातून सोडत नाही, समोर बसून करून घेतो. उतरविताना एमपीथ्रीऐवजी डब्ल्यूएव्ही मध्ये घ्यावे. तासाला सुमारे ६३५ एमबी जागा लागते, ३२ जीबीच्या कार्डात पन्नासेक तास मावतात.

आणि ज्यांच्याकडे ४२ हजार नाहीत, म्हणजे आपण बहुतेक सर्व, त्यांनी काय करावे? दीड-दोन हजारांचा वायरचा, कान पूर्ण झाकणारा, ३२ ओहमचा हेडफोन घ्यावा. मोबाईलला वायरीचे छिद्र नसेल तर चार्जिंगच्या जागी लावायचा लहान जोड मिळतो. अशा गाण्यांसाठी तो पुष्कळ झाला. एका माइकवर, साध्या टेपवर भरलेल्या कार्यक्रमात फार वरचे स्वर मुळात उतरलेलेच नसतात, मग डब्यावर ३९ हजार हर्ट्झ लिहिलेले असून उपयोग काय? माणसाचा तरणा कानच २० हजारांपर्यंत ऐकतो. शिवाय एचडी ६०० हा उघडा हेडफोन आहे, त्याचा आवाज बाहेर झिरपतो. दीड खोलीच्या घरात शेजारी मुलगी नीटचा अभ्यास करीत बसली असेल तर तिला त्रास. लातुरात तर प्रत्येक गल्लीत अशी मुलगी आहे! तेथे बंद हेडफोनच बरा.

एक गोष्ट आम्हास खटकते, तीही सांगतो. गाणे आपल्यात एकट्याने ऐकायची वस्तू कधी नव्हती. हेडफोन लावला की माणूस घरात असून नसल्यासारखा होतो. पण बाबासाहेबांनी १९५५ साली बीबीसीला दिलेली मुलाखत एकदा तरी हेडफोनवर ऐकावी. इंग्रजी समजो न समजो. वाक्य पुरे करण्याआधी ते क्षणभर थांबतात, ते थांबणे भोंग्यावर कधी कळले नव्हते.

मामांची गोष्ट राहिली. टेप सुधारल्यावर सर्वांना शब्द लख्ख ऐकू आले, मामांना नाही. "शाहीर" म्हटलेले त्यांना "आहीर" ऐकू येई. ते आवाजाचे बटण वाढवीतच गेले. मागाच्या खडखडाटात वर्षे काढलेल्यांचे कान असे जातात. वरचे स्वर आधी जातात, म्हणून स, श, च ही अक्षरे हरवतात, आणि माणूस कॅसेटला दोष देत बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तास चालतो, ९० डेसिबलचा फक्त चार तास. मिरवणुकीत डीजेपुढे नाचणाऱ्या आमच्या पोरांनी आणि हेडफोनचे बटण शेवटपर्यंत नेणाऱ्यांनी दोघांनीही हा हिशेब करावा. मामांना आम्ही नांदेडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात नेणार आहोत. ते आढेवेढे घेत आहेत. "मशीन लावलं की लोक बहिरा म्हणतील" म्हणतात. आम्ही त्यांना सांगितले की, सेन्हायझरचा हेडफोनचा धंदा २०२२ साली ज्या स्विस कंपनीने घेतला ती मुळात कानाची मशीनच बनविते. यावर ते थोडे विरघळले आहेत.

संध्याकाळी दादांनी अकरावी कॅसेट लावली. १९९१ ची. त्यांची ढोलकी दोन्ही तोंडांनी वाजत होती, डाव्या तोंडावर तळहात घासल्याचासुद्धा आवाज येत होता. पेटीवाला मध्येच खोकला. दादा म्हणाले, "हा गेला बारा वर्षांपूर्वी." कार्यक्रम संपला, पण टेप बंद करायची राहून गेलेली. कोठे तरी भांडे वाजले, लेकरू रडले, आणि एका बाईचा आवाज आला. दादा ताठ बसले. त्यांच्या कारभारणीला जाऊन एकोणीस वर्षे झाली, तिचा फोटो आहे, आवाज कोठे असेल असे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

त्यांनी दोनदा ऐकले. मग हेडफोन काढून सुनेच्या हाती दिला. सून लग्न होऊन आली ती सासू गेल्यानंतर. तिने पदराने हात पुसून हेडफोन लावला, डोळे मिटून ऐकले आणि एकदम हसली.

"मामा, ह्या तर तुम्हालाच बोलायल्यात. इतक्या राती टेप वाजवू नका, लेकरू उठतंय म्हणून."