ओव्हरक्लॉकिंग : वेगाची हौस आणि तिची किंमत

मीरारोड पूर्वेच्या सिल्व्हर पार्क परिसरात मे महिन्याच्या दुपारी पंखा पूर्ण वेगाने फिरत असतानाही खोलीचे तापमान सहज ३३-३४ अंशांवर राहते. अशा खोलीत कॉलेजच्या अभ्यासासाठी, व्हिडिओ संकलनासाठी किंवा खेळांसाठी नवा डेस्कटॉप घ्यायचे ठरले, की पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड गाठून लॅमिंग्टन रोडची वारी होते आणि तिथे एक प्रश्न हमखास पुढे येतो. ओव्हरक्लॉकिंग करता येईल असा प्रोसेसर, त्याला साजेसा महागडा मदरबोर्ड आणि मोठा कूलर घ्यावा काय? मध्यमवर्गीय कुटुंबाचे पाच-सात वर्षांसाठीचे बजेट या उत्तरावर अवलंबून असल्याने त्याचा विचार हौसेपलीकडे जाऊन करणे आवश्यक आहे.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे उत्पादक कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने प्रोसेसर चालविणे. एकेकाळी हा व्यवहार खरोखरच फायद्याचा होता. १९९८ मध्ये इंटेलने बाजारात आणलेला सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्झचा स्वस्त प्रोसेसर. मदरबोर्डवरील बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला, की तो अनेकदा ४५० मेगाहर्ट्झवर विनातक्रार चाले. म्हणजे पदरचे फारसे न मोडता वेगात ५० टक्के वाढ आणि कितीतरी महागड्या पेंटियम-२शी बरोबरी! २०११ मधील कोअर आय-५ २५००के या प्रोसेसरचा मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ, तोही बऱ्याच जणांकडे ४.५ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचत असे. त्या काळी कंपन्या सुरक्षिततेसाठी मोठी मोकळीक राखून ठेवत आणि चांगल्या दर्जाची चिपही गरजेनुसार कमी वेगाचे लेबल लावून विकत. हौशी मंडळी हीच शिल्लक पदरात पाडून घेत होती.

आज ती शिल्लकच उरलेली नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये आलेल्या कोअर आय-७ पासून इंटेलने टर्बो बूस्ट हे तंत्र डेस्कटॉपवर आणले. तापमान आणि वीज यांची मुभा असेल तोवर प्रोसेसर स्वतःच आपला वेग वाढवू लागला. एएमडीच्या रायझन मालिकेतही हेच घडते. २०२४ मधील कोअर आय-९ १४९००केएस तर कारखान्यातूनच ६.२ गिगाहर्ट्झपर्यंत धावण्याच्या तयारीने बाहेर पडला. जी मलई पूर्वी ग्राहक काढून घेत असे, ती आता कंपनीच काढून किमतीत धरते. मागे उरते ती मोजक्या टक्क्यांची वाढ आणि खेळ व नेहमीची कामे यांत ती बहुधा जाणवतही नाही.

या मोजक्या टक्क्यांसाठी मोजावी लागणारी किंमत मात्र मोठी आहे. प्रोसेसरचा वीजवापर ढोबळमानाने वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ५ टक्के वाढविण्यासाठी व्होल्टेज १० टक्के वाढवावे लागले, तर वीज सुमारे २७ टक्के अधिक लागते. रोज सहा तास १०० वॅट जादा खर्च झाले, तर महिन्याला १८ युनिट वाढतात. महाराष्ट्रात घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढत असल्याने हे युनिट बहुधा वरच्या दराने आकारले जातात. शिवाय ती सारी वीज अखेर उष्णता बनून त्याच खोलीत उतरते.

इथेच स्थानिक हवामानाचा मुद्दा येतो. साधा कूलर असो वा पाण्याचा, तो प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. २१ अंशांच्या वातानुकूलित खोलीत झालेल्या चाचणीचे आकडे ३४ अंशांच्या खोलीला लागू पडत नाहीत. मधला १३ अंशांचा फरक जवळपास जसाच्या तसा प्रोसेसरच्या माथी बसतो. मग तो स्वसंरक्षणासाठी वेग कमी करतो आणि सारा खटाटोप पाण्यात जातो.

जोखमीचा धडा तर ताजाच आहे. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतील अनेक डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होत असल्याच्या तक्रारींनंतर कंपनीने २०२४ मध्ये प्रमाणाबाहेरच्या व्होल्टेजची बाब मान्य केली, मायक्रोकोडमध्ये दुरुस्ती दिली आणि संबंधित प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढविली. ग्राहकाने काहीही न करता जर जादा व्होल्टेज चिपला झिजवू शकते, तर स्वतःहून ते वाढविणाऱ्याने किती सावध राहावे, हे वेगळे सांगायला नको. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान तर वॉरंटीत सहसा बसतही नाही.

याचा अर्थ बायॉसला हातच लावू नये, असा नव्हे. डीडीआर-५ मेमरीवर छापलेला वेग अनेकदा आपोआप मिळत नाही. त्यासाठी एक्सएमपी किंवा एक्स्पो ही तयार मांडणी निवडावी लागते. तांत्रिकदृष्ट्या हेही ओव्हरक्लॉकिंगच असल्याने वॉरंटीच्या अटी वाचाव्यात. पण पाच मिनिटांच्या या कामाचा लाभ खरा आहे. त्याहून शहाणपणाची वाट उलट्या दिशेने जाते. विजेची कमाल मर्यादा थोडी खाली आणली किंवा व्होल्टेज जपून कमी केले, तर वेगात अत्यल्प घट होऊन उष्णता, आवाज आणि बिल ही तिन्ही लक्षणीय प्रमाणात उतरतात.

छंद म्हणून ओव्हरक्लॉकिंगचा आनंद निर्विवाद आहे. चिप कशी चालते हे त्यातून जितके कळते, तितके माहितीपत्रक वाचून कळत नाही. मात्र घरातला एकुलता संगणक हा त्या प्रयोगाचा विषय नव्हे. महागडा मदरबोर्ड आणि कूलर यांवरचे पैसे अधिक मेमरी, मोठी एसएसडी किंवा एक पायरी वरचे ग्राफिक्स कार्ड यांकडे वळविले, तर फरक पहिल्याच दिवशी दिसेल आणि पुढच्या मे महिन्यातही टिकेल.