आकडा दिसला पाहिजे

व्यवसायाच्या सादरीकरणात चित्राचे काम एकच असते. ज्या आकड्यावर समोरच्याला निर्णय घ्यायचा आहे, तो आकडा त्याला डोळ्यांनी दिसावा. बाकीची सजावट असली तरी चालते, नसली तर बहुधा बरेच.

सटाण्यात आणि एकूण बागलाण तालुक्यात आकडा दाखवण्याचा हा प्रश्न आता शेतमालाच्या धंद्यालाही येऊन भिडला आहे. 2002 साली कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी काढता येऊ लागली. 2020 साली केंद्र सरकारने दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याची योजना आणली. जागतिक बँकेच्या साहाय्याने चालणारा राज्याचा ‘स्मार्ट’ प्रकल्पही त्याच सुमाराचा. कांदा, डाळिंब, द्राक्ष पिकवणाऱ्या संचालकांना त्यामुळे बँकेच्या अधिकाऱ्यापुढे, निर्यातदारापुढे, प्रकल्प समितीपुढे पडद्यावर आपला धंदा मांडावा लागतो. त्या सादरीकरणाचा साचा ठरलेला असतो: पहिल्या पानावर हिरवेगार शेत आणि हस्तांदोलन, मग ध्येय-उद्दिष्टे, संचालक मंडळाचे फोटो, आणि शेवटी प्रकल्प अहवालातले तक्ते जसेच्या तसे चिकटवलेले. समोरचा माणूस चार ओळी वाचतो आणि घड्याळाकडे पाहतो.

कांद्याचेच उदाहरण घेऊ. भावाचा तक्ता म्हणजे महिने आणि क्विंटलचे दर यांची रांग. त्यातून भाव वरखाली होतो एवढेच कळते, आणि ते बँकेला आधीच ठाऊक असते. तेच आकडे रेषेच्या आलेखात मांडून त्यावर उभ्या खुणा केल्या तर गोष्ट उलगडते. 19 ऑगस्ट 2023 रोजी निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागले. 8 डिसेंबर 2023 पासून निर्यातबंदी आली. 4 मे 2024 रोजी बंदी उठली, पण टनाला 550 डॉलर किमान निर्यातमूल्य आणि 40 टक्के शुल्क लागू झाले. सप्टेंबर 2024 मध्ये किमान मूल्याची अट गेली आणि शुल्क 20 टक्क्यांवर आले. 1 एप्रिल 2025 पासून तेही गेले. या तारखा रेषेवर लिहिल्या की पाहणाऱ्याला भावातला कोणता चढउतार आवकेचा आणि कोणता धोरणाचा, याचा अंदाज बांधता येतो. आलेखावर थेट टीप लिहिण्याचे हे तंत्र फुकट आहे आणि महागड्या साच्यांपेक्षा जास्त उपयोगाचे आहे. पथ्य एकच: पट्ट्यांचा, म्हणजे स्तंभांचा, आलेख असेल तर उभा अक्ष शून्यापासूनच सुरू करावा. मधून कापलेला अक्ष किरकोळ वाढ डोंगराएवढी दाखवतो, आणि ही चलाखी बँकेतला माणूस पहिल्या नजरेत ओळखतो.

दुसरा आलेख कर्जासाठीचा. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो, साठवणुकीच्या कांदाचाळीत पडतो आणि पुढचे काही महिने टप्प्याटप्प्याने विकला जातो. दर महिन्याच्या आवक रकमेचे बारा स्तंभ काढावेत आणि त्यांवरून हप्त्याच्या रकमेची एक आडवी रेषा ओढावी. कोणते महिने रेषेखाली राहतात ते लगेच दिसते. पुष्कळ संचालक ही पडती बाजू लपवतात, आणि तिथेच चूक होते. ती दाखवली तर हप्ता हंगामानंतर ठेवण्याची किंवा खेळत्या भांडवलाची मागणी आपोआप पटते. समजावून सांगण्यात दहा मिनिटे घालवावी लागत नाहीत.

चाळीसाठी पैसे मागताना दोन आडवे दांडे पुरतात. चाळीत टाकलेला माल म्हणजे पूर्ण दांडा. त्याचे तुकडे करायचे: वजनातली घट, सड, कोंब आलेला माल आणि उरलेला विक्रीयोग्य कांदा. त्याच्याच खाली सुधारित चाळीचा दांडा. दोन दांड्यांतला फरक हाच प्रकल्पाचा फायदा असतो. हे तुकडे स्वतःच्या चाळीतल्या मोजमापावरून आणि विक्रीच्या हिशोबपट्ट्यांवरून काढावेत. पुस्तकातली सरासरी उचलली की पहिल्याच प्रश्नाला उत्तर सापडत नाही.

बागलाणची अर्ली द्राक्षे मुख्य हंगामाआधी बाजारात येतात, आणि खरेदीदाराला नेमके तेच दाखवायचे असते. त्यासाठी वर्षाचा पट्टा काढून आपला काढणीचा काळ एका गडद रंगात भरला की पुरे. मण्याच्या आकाराचा फोटो असेल तर शेजारी मोजपट्टी हवी. नुसते टपोरे घड सगळ्यांच्याच फोटोत असतात.

स्लाइडवर बुलेट लावून मांडलेल्या ओळींचा धोका काय असतो, याचा सर्वात दुःखद दाखला 2003 सालचा. कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर ज्या ‘कोलंबिया’ यानात मृत्युमुखी पडले, त्याला उड्डाणावेळी फोमचा तुकडा लागला होता. तो तुकडा चाचणीत वापरलेल्या तुकड्यांच्या सहाशे पटींहून मोठा होता, आणि ही माहिती अभियंत्यांच्या स्लाइडवर सर्वात खाली, बारीक अक्षरात होती. चौकशी मंडळाने आपल्या अहवालात या स्लाइडवर टीका केली. दुरुस्ती सोपी आहे. पानाच्या माथ्यावर ‘बाजारभाव विश्लेषण’ असे नाव न देता निष्कर्षाचे पूर्ण वाक्य लिहावे: ‘सप्टेंबरपर्यंत माल टिकला तर हप्ता निघतो.’

साधनांबद्दल फार बोलण्यासारखे नाही. पॉवरपॉइंट, गुगल स्लाइड्स, कॅनव्हा यांपैकी जे हाताशी असेल ते चालते. आलेख एक्सेलमध्येच नीट निघतात. मराठीचा प्रश्न मात्र वेगळा आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की इंग्रजी अक्षरांचा काला होतो. ‘मुक्ता’ किंवा ‘बालू’ हे मुंबईच्या एक टाइपने घडवलेले युनिकोड फॉन्ट मोफत मिळतात. देवनागरीत वरखाली मात्रा-वेलांट्या असल्याने अक्षर मोठे आणि ओळींतले अंतर सैल ठेवावे लागते. जाण्यापूर्वी पीडीएफ करून पेन ड्राइव्हवर घ्यावी. लाल-हिरवा फरक काहींना दिसत नाही, म्हणून तोटा-नफा केवळ त्या दोन रंगांवर सोपवू नये.

पडद्यावर चित्र आणि शेजारी बोलणारा माणूस ही रीत मराठी मुलखाला नवी नाही. पिंगुळीचे चित्रकथी चित्रे पुढे धरून कथा सांगत आले. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 1892 साली काचेवर रंगवलेल्या चित्रांचा ‘शांबरिक खरोलिका’ हा खेळ दाखवायला सुरुवात केली. पॉवरपॉइंट बाजारात आले त्यानंतर 95 वर्षांनी, 1987 मध्ये. त्या जुन्या खेळांत चित्र दाखवायचे आणि माणूस सांगायचा. पडद्यावरचे वाक्य मोठ्याने वाचून दाखवण्याची टूम अलीकडची, आणि ती सोडून देण्याजोगी.

सभासदांच्या वार्षिक सभेला तर प्रोजेक्टरचा हट्ट नकोच. वीज जाते, उजेडात पडदा दिसत नाही, मागच्या रांगेतले सभासद खुर्च्या सरकवत राहतात. मोठ्या कागदावर मार्करने काढलेला एकच आलेख भिंतीवर लावावा आणि टेबलावर प्रतवारी केलेल्या कांद्याचे तीन क्रेट ठेवावेत. हिशोबावर प्रश्न विचारायला सभासद उठून त्या कागदापाशी येतात. स्लाइडपाशी कोणी येत नाही.

ज्या कंपनीला पुढच्या हंगामासाठी बँकेत जायचे आहे, तिच्या संचालकांनी साचा निवडण्याआधी तीन वर्षांच्या हिशोबपट्ट्या काढाव्यात आणि त्यांवरून भाव, हप्ता आणि घट हे तीन आलेख आधी हाताने कागदावर काढून पाहावेत.